ज्याचा टायर आत, त्याचा चौक

आमच्याकडे चौकाला नावं भरपूर. पुण्यात चौक, मुंबईत नाका, कोकणात तिठा, नाशकात सर्कल. नियम मात्र सगळीकडे एकच: ज्याचा पुढचा टायर आधी आत, त्याचा चौक. (कायद्याच्या पुस्तकात आपल्याकडेही उजवीकडच्याला वाट द्या असंच आहे, पण पुस्तक काय चौकात उभं नसतं.) या भांडवलावर मी पुण्यात अठरा वर्षं गाडी हाकली. मग नोकरीनं इंग्लंडात, मिल्टन कीन्सला आणून टाकलं.

या गावात शंभराहून जास्त राउंडअबाउट आहेत. हवालदार नाही, मध्ये पुतळासुद्धा नाही. गवताचा उंचवटा, आणि भोवती निमूट प्रदक्षिणा घालणारी माणसं. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा या देशातला १९६६ पासूनचा नियम. स्विंडनला तर १९७२ पासून एका मोठ्या वर्तुळाभोवती पाच लहान राउंडअबाउट आहेत, आणि आतलं वर्तुळ उलटं फिरतं. आमचा ड्रायव्हिंग शिकवणारा मला त्याची भीती घालायचा, लहान मुलांना बागुलबुवाची घालतात तशी.

भारतीय लायसन्स इथं बाराच महिने चालतं. मग टेस्ट. पंधरा किरकोळ चुका माफ, गंभीर एकही नाही. आणि उगाच रेंगाळणं हीसुद्धा चूक! हे मला कळलं ते असं.

गल्लीच्या तोंडाशी मी थांबलो होतो. उजवीकडून एक बाई आल्या, गाडी हळू केली आणि डिपर मारला. डिपरचा अर्थ मला लहानपणापासून पाठ: 'सरक, मी येतोय.' मी ब्रेक आणखी घट्ट दाबला. त्यांनी पुन्हा डिपर मारला. बाई भलत्याच तापट दिसताहेत, म्हणून मी हात जोडले. मागे पाच गाड्या, एकही हॉर्न नाही. इंग्रजांची ही शांतता हॉर्नपेक्षा जास्त टोचते. शेजारचे परीक्षक वहीत काहीतरी लिहीत होते.

नापास.

इथं डिपर म्हणजे 'या तुम्ही आधी', हे नंतर समजलं. बायको म्हणाली, "बाई तुला वाट देत होत्या, आणि तू नमस्कार करत बसलास?" चिडून हायवे कोड, म्हणजे इथलं वाहतुकीच्या नियमांचं पुस्तक, उघडलं. त्यात चक्क लिहिलंय की डिपर फक्त 'मी इथं आहे' एवढं कळवायला, वाट द्यायला नाही. म्हणजे पुस्तकाप्रमाणे बरोबर कोण? मी आणि आमचा खंबाटकी घाटातला ट्रकवाला!

दुसऱ्या टेस्टला मिनी राउंडअबाउट आला. मिनी म्हणजे रस्त्यावर रांगोळीच्या ठिपक्यासारखा रंगवलेला पांढरा गोल, बस्स. चारही बाजूंनी चार गाड्या एकाच वेळी आल्या. प्रत्येकाच्या उजवीकडे कुणीतरी, म्हणून प्रत्येक जण थांबलेला. चौघेही सभ्य. पुस्तकात यावर उत्तर नाही. संध्याकाळपर्यंत थांबायची त्या तिघांची तयारी दिसत होती.

मी अठरा वर्षं आठवली आणि पुढचा टायर आत घातला.

पास झालो. किरकोळ चुका सहा. त्या ठिपक्यावरची त्यात एकही नव्हती.