नानांची बादली

रात्री साडेआठ वाजले की आमच्या घरातलं वायफाय मान टाकतं. माझ्या मीटिंगमधला अमेरिकेतला मॅनेजर उघड्या तोंडाने थिजतो. लेकीचा क्लास गोल गोल फिरत बसतो. नवऱ्याच्या मॅचमधला बॉलर धावत निघतो तो पोचतच नाही. प्लॅन म्हणे १०० एमबीपीएसचा. तक्रार केली की पलीकडचा मुलगा एकच मंत्र देतो, "मॅडम, राउटर बंद करून चालू करा." आम्ही इतक्यांदा केलंय की बटण गुळगुळीत झालंय.

एका रविवारी राउटरचं पान उघडून बसले. सात उपकरणं. सहा जण पन्नासच्या वर, सातवं १ एमबीपीएसवर. नाव वाचलं आणि पान हळूच मिटलं. तो फोन नानांचा, म्हणजे सासऱ्यांचा. दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट ओलांडून, मागच्या खोलीत, जुन्या फोनवर ते कीर्तन ऐकतात.

पण नाना वापरतात ते चिमूटभर! मग आमचं का अडावं?

तर वायफाय म्हणजे आमचं एकुलतं बाथरूम. एक जण आत, बाकीचे टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर. नियम चोख: पाळीला एक बादली. माझी बादली चार मिनिटांत रिकामी होते. नानांची तेवढीच बादली 'गंगे च यमुने चैव'पासून टाचा घासायच्या दगडापर्यंत पाऊण तास पुरते. बादल्या सारख्या, वेळ नव्हे. १५०० बाइटचं पॅकेट, म्हणजे वायफायची एक बादली, ५४ एमबीपीएसने पाव मिलिसेकंदाच्या आत निघून जातं; १ एमबीपीएसने त्यालाच १२ मिलिसेकंद लागतात, आणि तोवर बाकीचे दाराबाहेर. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या संशोधकांनी २००३ सालीच दाखवून दिलं होतं, की एक उपकरण १ वर रेंगाळलं तर ११ ने पळणारी शेजारची उपकरणंही १ च्या खाली येतात. त्यांच्याही घरी कुणी नाना असणार.

उपाय सापडला: राउटरमधली 'एअरटाइम फेअरनेस' नावाची सोय. बादल्या मोजायच्या नाहीत, प्रत्येकाला घड्याळ लावायचं. मी लावलं. बॉलर पोचला, विकेटसुद्धा पडली. आणि मागच्या खोलीतून हाक आली, "अगं, बुवा अभंगाच्या मध्येच थांबले गं!"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. काही बोलल्या नाहीत, तेच वाईट. बारा मिलिसेकंदांचा हिशेब सांगायला मी तोंड उघडलं, तर नाना म्हणाले, "राहू दे. म्हाताऱ्याच्या एका कीर्तनाने तुमची कामं अडत असतील तर बंदच करतो." पाचव्या मिनिटाला घड्याळ काढून टाकलं.

मग नवऱ्याला सुचलं (वर्षातून एकदा सुचतं): नानांची आरामखुर्चीच हॉलमध्ये, राउटरशेजारी आणायची. आणली. नानांचा फोन पासष्टवर गेला. बुवा थांबत नाहीत, कुणीच थांबत नाही.

फक्त नानांना कमी ऐकू येतं, आणि इअरफोन त्यांच्या कानात टोचतात. माझी मीटिंगही हॉलमध्येच असते. परवा नाना लग्नाला गेले होते, तर मॅनेजरने सुरुवातीलाच विचारलं, "आज ते टाळवाले नाहीत का?"