पहिला दीड तास माझा

आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, यंदा दोन नवीन शिक्षण सेवक (पहिली तीन वर्षं ठराविक मानधनावरचे शिक्षक) आलेत, सरकारच्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून, दोघंही पंचविशीच्या आतबाहेर. त्यातली एक पोरगी परवा शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी शेजारी येऊन बसली आणि एकदम म्हणाली, मॅडम तुम्हाला 18 वर्षं झाली ना, तेच तेच शिकवून कंटाळा नाही येत? मी हसून नाही म्हणाले. घरी आल्यावर लक्षात आलं की धडधडीत खोटं बोललो आपण. म्हणून आता हे लिहितेय, तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी. जुन्या लोकांनी नाही वाचलं तरी चालेल, त्यांना सगळं माहितीच आहे.

मी 2007 ला लागले, बीड जिल्ह्यात, बंजारा तांड्यावरच्या द्विशिक्षकी शाळेत. तेव्हा शिक्षण सेवकाला महिना 3000 रुपये मिळायचे, तीन वर्षं. आता 2023 पासून प्राथमिकला 16000 झालेत, तेही काय फार नाहीत, पण आमच्या 3000 मध्ये खोलीचं भाडं आणि जीपचं तिकीट गेलं की महिन्याच्या वीस तारखेला वडिलांना फोन करायला लागायचा. तरी अंगात नुसता उत्साह. आणि खरं सांगायचं तर त्या उत्साहानेच माझी वाट लावली.

2015 ला सरकारचा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम सुरू झाला, सगळे शिक्षक गाड्या करून साताऱ्याच्या कुमठे बीटला जाऊन यायला लागले, मीही गेले. तिथलं काम खरंच बघण्यासारखं होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आम्ही तिथून काय आणलं तर फरशीवरची रंगरंगोटी. मी स्वतःच्या पैशाने ऑइल पेंट आणून दिवाळीच्या सुट्टीत वर्गाची सगळी फरशी रंगवली, भिंती रंगवल्या, जिन्याला सुद्धा पाढे काढले असते पण आमच्या शाळेला जिनाच नाही. रोज एक उपक्रम, रोज फोटो, रोज ग्रुपवर पोस्ट, खाली अभिनंदनाचे पंचवीस अंगठे. भेटीला आलेल्या एका साहेबांनी फरशीचे फोटो काढले आणि एकाही पोराला वाचायला न लावता गाडीत बसले. त्या वर्षाच्या शेवटी माझा आवाज गेला. कानाघसाच्या डॉक्टरांनी सांगितलं स्वरयंत्रावर गाठी आल्यात, महिनाभर अजिबात बोलायचं नाही. पहिली-दुसरीच्या बाईला!

त्या महिन्यात घरी बसून मला पहिल्यांदा स्वतःला विचारायची हिंमत झाली की एवढं सगळं करून आपल्या वर्गातल्या किती पोरांना नीट वाचता येतंय. उत्तर फार वाईट होतं, आकडा इथे लिहीत नाही.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. पहिला दीड तास माझा. परिपाठ झाला की मोबाईल कपाटात, आणि पुढचा दीड तास कुणी माहिती मागो, पोषण आहाराचं धान्य येवो, सरपंच येवोत, मी वर्गात खाली बसलेली असते आणि एकेक पोरगं जवळ घेऊन त्याचं वाचन ऐकते. रोज पाच-सहा जण, बाकीचे पाटीवर लिहीत असतात. शंभर पानी वही आहे, त्यात प्रत्येकाचं एक पान, कोण कुठे अडतंय ते लिहायचं, बस. उपक्रमाला नाव नाही, फोटो काढण्यासारखंही त्यात काही नाही. सुरुवातीला मुख्याध्यापक सर चिडायचे, तातडीची माहिती असते म्हणायचे, पण तातडीची माहिती अकरा वाजता दिली काय आणि एक वाजता दिली काय, आजपर्यंत कुणी फासावर चढवलेलं नाही.

आणि कंटाळ्याचं उत्तर मला त्याच वहीत सापडलं. दोन-तीन वर्षांच्या वह्या शेजारी ठेवल्या तर दिसलं की बहुतेक पोरं पहिल्या वेलांटीला आपटतात. का? तर ती लिहायची अक्षराच्या आधी आणि बोलायची अक्षराच्या नंतर, पोराच्या डोळ्याला आधी काठी दिसते आणि मग क, ते बिचारं गोंधळणारच की. आणि मी काय करत होते, तर काना पक्का व्हायच्या आत वेलांटीवर उडी, कारण नियोजनाची तारीख. आता मी काना चांगला तीन-तीन आठवडे घेते, काका मामा नाना, कान नाक चाक, नुसती मजा, पोरांना वाटतं आपल्याला सगळं वाचता येतंय, आणि मग हळूच वेलांटी. मागे राहणारी पोरं सरळ कमी झाली. डीएडला हे कुणी सांगितलं नव्हतं. तोच तो धडा दहाव्यांदा शिकवताना त्यात नवीन काहीतरी दिसतं तेव्हा कंटाळा बराच पातळ होतो, अगदी जात नाही, पण पातळ होतो.

आमच्याकडे दिवाळी झाली की निम्मा तांडा ऊसतोडीला जातो. काही पोरं आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, बाकीची आईबापाबरोबर कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीत. मार्चच्या पुढे परत येतात तेव्हा बरंच विसरलेली असतात, पूर्वी मी पुन्हा अ आ इ पासून सुरू करायचे आणि दोघांनाही रडू यायचं. आता पान उघडायचं, कुठे सोडलं होतं तिथल्या जरा मागून धरायचं. सहा-सात दिवसांत गाडी रुळावर येते, काहींची नाही येत, त्यांचं वेगळं बघावं लागतं.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतल्या डिसले सरांना 2020 ला ग्लोबल टीचर प्राइज मिळालं तेव्हा सगळ्यांनी त्यांचे पुस्तकातले क्यूआर कोड लक्षात ठेवले. ते तिथे पोरांसाठी आधी कन्नड शिकले होते, ते कुणाच्या फारसं लक्षात नाही. मला मात्र तेच भिडलं, कारण माझ्या तक्त्यावर आ आईचा आणि माझी पोरं चित्र बघून म्हणायची, याडी! त्यांच्या भाषेत आई म्हणजे याडी. मी त्यांना चूक म्हणायचे हो, पहिली दोन वर्षं. मग तांड्यावरच्या आज्यांकडून गोरमाटी, म्हणजे त्यांची बंजारा बोली, शिकले, मोडकीतोडकी, अजूनही माझ्या उच्चाराला पोरं खिदळतात. पण भाकरीला बाटी म्हणणारी बाई आपली वाटते त्यांना.

बाकीच्या कामांचं काय, तर ती असणारच. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, कलम 27 मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामं आहेत, पण बीएलओची, म्हणजे मतदार यादीच्या कामाची, ऑर्डर निवडणुकीच्याच नावाने येते, मग भांडणार कुठे. यू-डायस, आधार, अपार, ही शाळेची आणि पोरांची ऑनलाइन माहिती भरायची कामं पास होण्यापुरती करायची, मेरिटला यायची गरज नाही. संघटनेत नाव ठेवायचं पण दिवस घालवायचा नाही. आदर्श पुरस्काराची फाईल स्वतःच तयार करून स्वतःच द्यायची असते, मी एकदा निम्मी केली आणि त्याच फाईलमध्ये पोरांच्या पाट्यांची यादी लावली.

पैशाचं एक. कायम झालं की लगेच पतसंस्थेचं मोठं कर्ज उचलू नका बाळांनो. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांच्या नशिबी जुनी पेन्शन नाही हे धरूनच हिशोब मांडा, आणि जामीनदार होताना दहादा विचार करा, आमच्या केंद्रात प्रत्येक जण दुसऱ्या प्रत्येकाला जामीन आहे, एक बुडाला तर सगळं केंद्र बुडेल.

आणि आता गंमत. 1 सप्टेंबर 2025 ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, ज्या शिक्षकांची नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त उरलीय त्यांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायची. महाराष्ट्रात टीईटी आली 2013 ला, मी लागले 2007 ला, म्हणजे आता 18 वर्षं शिकवल्यावर मी पात्र आहे की नाही ते ठरणार. आधी दोन दिवस खूप चिडले, ग्रुपवर पण बोलले बरंच. मग गाईड आणलं. बालमानसशास्त्र बरं जातंय, पियाजे वाचताना सारखी आपलीच पोरं दिसतात. गणित मात्र विसरलंय, शेकडेवारीच्या वरचं सगळं.

त्या नवीन पोरीची टीईटी पास आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ये गं मला गणित शिकवायला, असं काल फोनवर म्हटलं तर ती आधी गप्पच झाली, मग म्हणाली, येते मॅडम, पण तुमची ती वही बघायला द्याल का?

देते म्हटलं. घरी न्यायची नाही, इथेच बसून बघायची.