घरी पाजली म्हणून बाहेरची सुटत नाही

भाचा पुढच्या आठवड्यात पुण्याला होस्टेलवर जातोय. परवा रात्री ताईचा फोन आला, स्वयंपाकघरातून, दबक्या आवाजात. बाहेर दाजींनी टीपॉयवर बाटली, दोन ग्लास आणि वाटीत फुटाणे मांडले होते. समोर अठरा वर्षांचा पोरगा.

कारण एक फॉरवर्ड. मलाही तो तीन ग्रुपांवर आलाय: 'होस्टेलला धाडण्याआधी बापानेच मुलाला दोन पेग पाजावेत. पचवायला शिकला की बाहेर वाहवत नाही. युरोपात असंच करतात. कडक घरातली पोरंच बिघडतात.'

बाहेर वाहवत नाही? ऑस्ट्रेलियात १,९२७ मुलांवर सहा वर्षं लक्ष ठेवलं गेलं. २०१८ साली 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये ते छापून आलं. एका बैठकीत चारपेक्षा जास्त ड्रिंक्स घेणारी मुलं किती? फक्त आईबापांकडून दारू मिळणाऱ्यांत २५ टक्के, फक्त बाहेरून मिळवणाऱ्यांत ६२, दोन्हीकडून मिळणाऱ्यांत ८१. त्या २५ वर कुणी बोट ठेवेल. ठेवा, आकडा खरा आहे. पण ज्यांना घरी मिळत होती, ती पुढच्याच वर्षी बाहेरूनही मिळवण्याची शक्यता दुप्पट होती. म्हणजे पोरं २५ मधून ८१ कडे सरकत होती. घरी दिल्याने कुणी वाचलं, असं काही आढळलं नाही. दाजी म्हणाले, ती मुलं लहान होती. सुरुवातीला होती. शेवटी ती भाच्याच्याच वयाची झाली होती.

आणि 'पचवायला शिकला पाहिजे' हे वाचून तर माझं डोकंच फिरलं. ज्याला चढत नाही तो सांभाळून पितो, हा समज साफ उलटा आहे. चढत नाही म्हणून थांबायची वेळ कळत नाही, ग्लास भरत राहतो. कॅलिफोर्नियात डॉ. मार्क शुकिट यांनी व्यसनी बापांची विशीतली मुलं तपासली आणि काही वर्षांनी पुन्हा गाठली. ज्यांना कमी चढायची त्यांतले ५६ टक्के व्यसनात अडकले होते. ज्यांना चांगलीच चढायची त्यांतले १४ टक्के. हे ज्या घराला आधी कळायला हवं, त्याच घरात परवा ग्लास मांडले होते.

युरोपाचं म्हणाल तर डेन्मार्क बघा. शाळकरी पोरांच्या पिण्यात तो देश युरोपात वरच्या रांगेत असतो. आणि आपल्याकडे, महाराष्ट्रात, कडक दारूला वयाची अट २५ ची आहे, हे बापाला माहीत नसावं?

कडक घराचं थोडं खरं आहे. पट्ट्याच्या धाकाने पोरगं फक्त लपवायला शिकतं. पण म्हणून पाजायची? फ्रेशर्स पार्टीत सीनियरने ग्लास पुढे केला तर काय बोलून उठायचं, रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा, हे त्याच्याशी बोला की.

दाजींना मी एवढंच म्हटलं, त्याला आजोबांबद्दल सांगा. तो तेव्हा सहा वर्षांचा होता. आजोबांचं पोट दुखायचं, एवढंच त्याला अजून माहीत आहे.