चौथऱ्यावरची दुसरी जागा

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठाच्या हिरवळीवर दोन धावपटूंचे पुतळे आहेत, वीस फुटांहून उंच. टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस, दोघेही याच कॉलेजचे विद्यार्थी. माना खाली, एकेक मूठ आभाळाकडे, पायांत बूट नाहीत, नुसते मोजे. दुसऱ्या क्रमांकाची पायरी मात्र रिकामी आहे. २०२४च्या ऑक्टोबरात बाबा मिरजेहून आले होते तेव्हा त्यांना तिथे घेऊन गेलो. सनीवेलच्या आमच्या घरापासून गाडीने वीसेक मिनिटं. बाबांनी चौथऱ्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "दुसरा नंबर कुठं गेला?"

दुसरा होता ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन. १६ ऑक्टोबर १९६८, मेक्सिको सिटी, दोनशे मीटरची शर्यत. स्मिथने १९.८३ सेकंदांत विश्वविक्रम केला, कार्लोस तिसरा आला. राष्ट्रगीत सुरू झाल्यावर दोघांनी काळे हातमोजे घातलेल्या मुठी वर केल्या. कृष्णवर्णीयांना त्यांच्याच देशात मिळणाऱ्या वागणुकीचा तो निषेध होता. बूट काढले होते ते गरिबी दाखवायला. नॉर्मन गोरा. त्याने हात वर केला नाही, पण त्या दोघांच्या छातीवर होता तोच मानवी हक्कांचा बिल्ला त्याने आपल्याही छातीवर लावला. स्मिथ आणि कार्लोस यांची स्पर्धेतून घरी रवानगी झाली. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने नॉर्मनची माफी मागितली ती २०१२ साली, त्याला जाऊन सहा वर्षं झाल्यावर. पुतळे उभारायचं ठरलं तेव्हा नॉर्मननेच सांगितलं होतं, माझी जागा मोकळी ठेवा, ज्याला वाटेल तो तिथे उभा राहील.

पुतळे २००५ सालचे. म्हणजे शिक्षेनंतर सदतीस वर्षांनी सन्मान. माणूस म्हातारा झाला, त्याच्यापासून कुणाला काही धोका उरला नाही, की मग पुतळे उभारायला पैसे निघतात. म्हणून पुतळ्यांपुढे मी फारसा भारावत नाही. तिथून थोड्याच अंतरावर, सांता क्लाराच्या लीव्हाइज स्टेडियममध्ये २०१६ साली जे सुरू झालं, त्या वेळी मी काय म्हणालो होतो हे मला चांगलं आठवतं.

कॉलिन कॅपर्निक हा सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनाइनर्स संघाचा क्वार्टरबॅक. म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये डाव ज्याच्या हातून सुरू होतो तो. त्या वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्रगीताच्या वेळी तो बाकावर बसून राहिलेला लोकांना दिसला. पोलिसांच्या गोळीने मरणाऱ्या कृष्णवर्णीयांकडे बोट दाखवून तो म्हणाला, हे चालू असताना या झेंड्यासाठी मी उभा राहणार नाही. मग नेट बॉयर नावाचा एक माजी सैनिक-खेळाडू त्याला भेटला आणि बोलणं झाल्यावर बसण्याऐवजी एक गुडघा टेकायचं ठरलं. शहीद सोबत्याच्या थडग्यापुढे सैनिक टेकतो तसा. १ सप्टेंबरला सॅन डिएगोत तो पहिल्यांदा गुडघ्यावर आला, बरोबर संघातला सोबती एरिक रीड होता. प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली.

मी ऑफिसातल्या जेवणाच्या टेबलावर म्हणालो होतो, "कोट्यवधी डॉलर घेतोस, खेळ ना गप!" मी तेव्हा एच-वन-बीवर होतो, ग्रीन कार्डच्या रांगेत. आमच्यासारख्यांना त्या रांगेत एक सवय लागते. मोर्चा दिसला की पलीकडचा फूटपाथ धरायचा, कागदावर सही मागितली तर हसून पुढे जायचं. ज्याच्या हातात माझा व्हिसा, त्याला मी आवडलो पाहिजे. त्या दिवशी मला कॅपर्निकचा राग आला त्यात देशप्रेमाचा भाग किती आणि असूयेचा किती, हे आज मला नीट सांगता येणार नाही. बरं, देशही माझा नव्हता.

त्याच वर्षी घरीही राष्ट्रगीतच गाजत होतं. गोव्यात पणजीच्या एका चित्रपटगृहात व्हीलचेअरवर बसलेल्या लेखकाला उभा राहिला नाही म्हणून मारहाण झाली. पुढे ३० नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या चित्रपटगृहांत राष्ट्रगीत सक्तीचं केलं. जानेवारी २०१८मध्ये ती सक्ती ऐच्छिक झाली. महाराष्ट्रात ही पद्धत त्याआधी कितीतरी वर्षं होती, त्यामुळे मिरजेत कुणाला त्याचं काही वाटलं नाही. बाबांना आजही वाटत नाही. "बावन्न सेकंद उभं राहायला काय जातं?" हा त्यांचा प्रश्न, आणि तो काही मूर्खपणाचा नाही. मीही उभाच राहतो. माझी अडचण पुढे सुरू होते. उभं राहणारा माणूस न उभं राहणाऱ्याकडे वळून बघायला लागतो तिथे.

इथे राहून एक गोष्ट कळली ती बाबांना सांगितली. अमेरिकन फुटबॉलमध्ये टीव्हीवरच्या मोठ्या सामन्यांना खेळाडू राष्ट्रगीतासाठी मैदानात रांगेने उभे करायची पद्धत २००९पासूनची. सैनिकांना मानवंदना, मैदानभर पसरलेला झेंडा, घरी परतलेल्या जवानाची कुटुंबाशी भेट, यांतल्या काही कार्यक्रमांसाठी संरक्षण खातं संघांना पैसे मोजत होतं. २०१५ साली जॉन मॅकेन आणि जेफ फ्लेक या दोन सिनेटरांनी ते उघडकीला आणलं. दोघेही रिपब्लिकन, आणि मॅकेन तर व्हिएतनाममध्ये युद्धकैदी होते. पुढच्या वर्षी लीगने, म्हणजे या संघांच्या एनएफएलने, सात लाखांहून जास्त डॉलर परत केले. बाबा म्हणाले, "म्हणजे भाड्याचं देशप्रेम." त्या मैदानावर राजकारण कॅपर्निकने आणलं असं म्हणणाऱ्यांनी ती पावती बघायला हवी.

कॅपर्निकही काही संत नव्हता. सरावाला त्याने पोलिसांना डुकरं दाखवणारे मोजे घातले होते आणि त्या नोव्हेंबरात त्याने मतदानच केलं नाही. मला हे दुसरं जास्त खटकतं. पण त्याची शिक्षा मोज्यांना झाली नाही. त्या मोसमात त्याच्या फेकींवर सोळा टचडाउन झाले, प्रतिस्पर्ध्यांनी चेंडू अडवून घेतला तो चारदाच. तरी मार्च २०१७मध्ये करारातून मोकळा झाल्यावर एकाही संघाने त्याला घेतलं नाही. सप्टेंबरात ट्रम्प अलाबामातल्या सभेत आईवरून शिवी देऊन म्हणाले, अशाला मैदानाबाहेर काढा. दोनच दिवसांनी दोनशेहून जास्त खेळाडू बसले किंवा गुडघ्यावर आले. पुढच्या महिन्यात उपाध्यक्ष पेन्स इंडियानापोलिसला सामन्याला आले, फोर्टीनाइनर्सचे खेळाडू गुडघ्यावर दिसले आणि ते उठून गेले. मालक मंडळी हबकली. त्यांना ट्रम्प आवडत असोत वा नसोत, तिकिटं काढणाऱ्यांत ट्रम्पचे मतदार होते. संघांनी संगनमत करून आपल्याला बाहेर ठेवलं, या कॅपर्निकच्या तक्रारीवर लीगशी तडजोड झाली फेब्रुवारी २०१९मध्ये, रक्कम गुप्त. मिनिआपोलिसमध्ये पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइड मेल्यावर २०२०च्या जूनमध्ये लीगचे कमिशनर म्हणाले, आम्ही ऐकलं नाही हे चुकलं. कॅपर्निकला त्यानंतरही कुणी घेतलं नाही.

तरीसुद्धा त्याच्याजवळ काय काय होतं बघा. खेळाडूंची संघटना होती, लवादात जाता येत होतं, २०१८मध्ये त्याला घेऊन जाहिरात करणारी नायकी होती. अध्यक्ष त्याला शिव्या देऊ शकत होते, पण पगारपत्रकावर सही अध्यक्षांची नव्हती.

आता आपल्याकडे या. मिरजेच्या व्हॉट्सॲप गटावर माझा आतेभाऊ २०२०च्या जूनमध्ये मिनिआपोलिसचे व्हिडिओ टाकत होता. "बघा, एवढा पुढारलेला देश आणि माणुसकी नाही." खरंच होतं ते. हाच भाऊ २०२३च्या मे महिन्यात लिहीत होता, "सरकारी पैशावर पदकं मिळवायची आणि देशाची बदनामी करायची." विषय साक्षी मलिक, विनेश फोगाट आणि बजरंग पुनिया. कुस्ती महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष आणि भाजपचे खासदार ब्रिजभूषण शरण सिंह यांच्यावर महिला कुस्तीगिरांनी लैंगिक छळाचे आरोप केले होते. त्यांनी ते नाकारले. २८ मे रोजी नव्या संसद भवनाचं उद्घाटन चालू असताना तिकडे निघालेल्या या कुस्तीगिरांना पोलिसांनी फरफटत गाडीत घातलं. दोन दिवसांनी ते पदकं गंगेत सोडायला हरिद्वारला गेले.

हा वर्णभेदाचा प्रश्न नाही, मला माहीत आहे. कॅपर्निक दुसऱ्यांसाठी बसला होता, या मुली स्वतःसाठी आणि आपल्या सोबतिणींसाठी. पण उत्तर मात्र शब्दशः तेच आलं. मैदान, झेंडा, पैसा, कृतघ्नपणा. गाऱ्हाणं काय आहे यावर बोलायची वेळच येऊ द्यायची नाही.

यावर मी बाबांशी भांडायच्या तयारीत होतो. पण ते रेल्वेत पस्तीस वर्षं होते आणि त्यांनी भलतंच काढलं. "अरे, ती तिघंही रेल्वेची. जूनमध्ये ड्युटीवर हजर झाली तेव्हा पेपरवाले म्हणाले आंदोलन संपलं. संपलं कसलं? हजर नाही झालं की चार्जशीट येतं." मग त्यांनी त्यांच्या खात्यात स्पोर्ट्स कोट्यातून लागलेल्या एका कबड्डीपटूची गोष्ट सांगितली. पाय मोडल्यावर तो उरलेली नोकरी पार्सल ऑफिसात काढत होता. घरात कमावणारा एकटा. "त्याला तू म्हणणार, गुडघा टेक?"

हे मला सुचलं नव्हतं. आपला खेळाडू रेल्वेत असतो, पोलिसात असतो, सैन्यात असतो. पॅरिसला नेमबाजीत पदक मिळवणारा आमच्या शेजारच्या जिल्ह्यातला स्वप्निल कुसाळे तेव्हा मध्य रेल्वेचा तिकीट तपासनीस होता. निवड करणाऱ्या महासंघावर आमदार-खासदार, नोकरी सरकारची, पुरस्कार सरकारचा, गावातला सत्कार पालकमंत्र्यांच्या हस्ते. कॅपर्निकला गप्प बसवायला बत्तीस संघांच्या मालकांची मनं सारखी वळावी लागली. इथे एक मेमो पुरतो. विनेश २०२४च्या सप्टेंबरात रेल्वेचा राजीनामा देऊन काँग्रेसमध्ये गेली, हरियाणातल्या जुलान्यातून आमदार म्हणून निवडून आली. आतेभावाने लगेच लिहिलं, "बघा, राजकारणच होतं." नोकरीत राहून बोलायची सोय असती तर ती गेली असती का, हे त्याला विचारायचं माझ्या मनात होतं. विचारलं नाही. दिवाळी जवळ आली होती.

क्रिकेटपटूंना मात्र रेल्वेच्या पगाराची सबब लागू नाही. त्यांचा दिवस मला आठवतो तो २४ ऑक्टोबर २०२१चा. दुबईत पाकिस्तानशी विश्वचषकाचा सामना सुरू होण्याआधी भारतीय संघाने गुडघा टेकला. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांसाठी. मी इथे टीव्हीसमोर चक्क टाळ्या वाजवल्या. सामना दहा गडी राखून पाकिस्तानने जिंकला आणि रात्रीपर्यंत मोहम्मद शमीला त्याच्या धर्मावरून शिव्या सुरू झाल्या. कोहलीने आठवड्याभरात शमीची बाजू जाहीरपणे घेतली, त्याबद्दल त्याचं कौतुकच. पण पुढच्या सामन्याआधी शमीसाठी अकरा जण गुडघ्यावर आले नाहीत. मिनिआपोलिससाठी टेकलेला गुडघा फुकट होता. त्याच वर्षी ऑलिंपिकमध्ये महिला हॉकीची उपांत्य लढत हरल्यावर संघातल्या वंदना कटारियाच्या हरिद्वारजवळच्या घरापुढे फटाके वाजले, जातीवरून शिव्या घातल्या गेल्या.

याचा मराठी मुलखात जुना दाखला आहे. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखत गोलंदाजी शिकलेले दलित क्रिकेटपटू पळवणकर बाळू. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले. तरी चहा वेगळ्या भांड्यात, आणि हिंदू संघाचं (तेव्हा संघ धर्मवार असत) कर्णधारपद कधीच नाही. १९२० साली त्यांना संघातून वगळल्यावर त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम निषेध म्हणून संघाबाहेर राहिले. तीन वर्षांनी विठ्ठल कर्णधार झाले. भावांचा तो निषेध स्मिथ-कार्लोसच्या अठ्ठेचाळीस वर्षं आधीचा. मी हे कॅलिफोर्नियात येऊन वाचलं. शाळेत आम्हाला बाळूंचं नाव कुणी सांगितलं नव्हतं.

बाबा हे सगळं ऐकत चौथऱ्याभोवती फिरत होते. मी म्हटलं, वर उभे राहा, फोटो काढतो. हाताला धरून चढवलं. शेजारी एक चिनी मुलगी मूठ वर करून सेल्फी काढून नुकतीच उतरली होती. मी म्हटलं, "बाबा, हात वर करा."

"मी नाही करणार. राष्ट्रगीताला मला नाही पटत ते." आणि ते सावधानमध्ये उभे राहिले. टाचा जुळवून, हात मांड्यांशी, नजर समोर. नॉर्मन उभा होता अगदी तसेच.

फोटो त्यांनीच गटावर टाकला. आतेभावाने विचारलं, "मामा, मागचे दोघं कोण?" बाबांना टाइप करायला वेळ लागतो. पाच मिनिटांनी त्यांचं उत्तर गेलं. "धावपटू. पदक मिळाल्यावर घरी पाठवले."