पुराणकथेत जात कोणी आणली?

पुराणकथांवर आधारलेल्या आधुनिक भारतीय नाटकांविषयी एक विधान अलीकडे फार फिरते आहे. मूळ कथांमध्ये जातिभेद नव्हता, ज्ञान पात्रतेनुसार मिळत होते, स्त्रीला मान होता. गिरीश कार्नाडांसारख्या नाटककारांनी पाश्चात्त्य विचारांच्या प्रभावाखाली त्यांत जातीचा आणि स्त्रीच्या शोषणाचा विषय घुसडला, आणि कथा बदलण्याचा त्यांना अधिकारच नव्हता, असा त्याचा आशय असतो. यात चार वेगळे दावे एकत्र बांधलेले आहेत. ते सुटे करून मूळ ग्रंथांशेजारी ठेवून पाहिले पाहिजेत.

पहिला दावा जातीचा. त्यासाठी कार्नाडांच्या ‘अग्नि मत्तु मळे’ (अग्नी आणि पाऊस) या कन्नड नाटकाकडे हमखास बोट दाखवले जाते, म्हणून तिथूनच सुरुवात करू. या नाटकाचा आधार महाभारताच्या वनपर्वातील यवक्रीताची कथा आहे. लोमश ऋषी ती युधिष्ठिराला सांगतात. भरद्वाजाचा मुलगा यवक्रीत गुरूकडे न शिकता तपाच्या बळावर वेदविद्या मिळवतो आणि त्या गर्वात रैभ्याच्या सुनेवर हात टाकतो. रैभ्य आपल्या जटांमधून एक कृत्या स्त्री आणि एक राक्षस निर्माण करून त्याच्यावर सोडतो. यवक्रीत जीव वाचवण्यासाठी बापाच्या अग्निशाळेकडे धावतो, तेव्हा दारावरचा रक्षक त्याला बळाने अडवतो आणि राक्षस त्याला तिथेच मारतो. हा रक्षक आंधळा आहे आणि शूद्र आहे, हे महाभारतकारच सांगतात. अग्निशाळेच्या आत कोणाचे स्थान आणि दारावर कोणाचे, ही वाटणी मूळ कथेतच आहे. कार्नाडांनी त्या रक्षकाला अंधक हे नाव दिले आणि बोलायला वाक्ये दिली.

एकलव्याच्या बाबतीत तर ग्रंथ याहून स्पष्ट बोलतो. द्रोणांनी त्याला नाकारले ते राजकारणामुळे, मगधाशी असलेल्या वैरामुळे, असा खुलासा आजकाल मोठ्या आत्मविश्वासाने केला जातो. आदिपर्वात मात्र ‘नैषादिरिति चिन्तयन्’ एवढे कारण दिले आहे: हा निषादाचा मुलगा आहे, असा विचार करून. त्याच श्लोकात इतर शिष्यांचा विचारही द्रोणांच्या मनात असल्याचे म्हटले आहे, आणि तोही वाचावा; पण मगधाचे नाव तिथे येत नाही.

एक गोष्ट मात्र विरोधकांच्या बाजूने मान्य केली पाहिजे. स्वयंवरात द्रौपदी कर्णाला उद्देशून ‘मी सूताला (सारथ्याच्या मुलाला) वरणार नाही’ असे म्हणते, हा प्रसंग अनेक लेखक महाभारताचा निर्विवाद भाग म्हणून वापरतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या, हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीने तो मूळ संहितेत घेतलेला नाही. तेवढ्याने कर्णाच्या कुळाचा प्रश्न मिटत नाही, कारण शस्त्रपरीक्षेच्या रंगणात कृपाचार्य त्याला कुळ विचारतात तो प्रसंग त्या आवृत्तीतही आहे. तरी द्रौपदीचे ते वाक्य पुरावा म्हणून देताना सावध राहावे, हे बरे.

दुसरा दावा ज्ञान खुले असल्याचा. त्याच्या समर्थनार्थ सत्यकाम जाबाल आणि गार्गी ही उपनिषदांतली दोन नावे येतात. सत्यकाम आपल्या गोत्राचा पत्ता नसल्याचे खरे सांगतो आणि गुरू त्याला स्वीकारतात, येथवर सर्वांना ठाऊक असते. स्वीकारताना गुरू म्हणतात की ब्राह्मण नसलेला कोणी असे बोलू शकणार नाही. म्हणजे त्याच्या सत्यावरून त्यांनी त्याचे ब्राह्मण्य ताडले आणि मगच दार उघडले. गार्गीला याज्ञवल्क्य ‘फार विचारू नकोस, तुझे डोके गळून पडेल’ असे बजावतात, आणि तरीही ती पुन्हा उभी राहून दोन प्रश्न टाकते. उपनिषदाने ही धमकी लपवली नाही आणि तिचे धाडसही लपवले नाही. आपण मात्र धाडस तेवढे ठेवून धमकी गाळतो.

याच मुद्द्यावर कार्नाडांचे नाटक सर्वांत बोलके आहे. नित्तिलाई ही शिकारी जमातीतली मुलगी त्यांनी स्वतः निर्माण केली. महाभारतात ती नाही. यवक्रीताच्या तपाविषयी तिची शंका साधी आहे: देव दिसायचा तर एकांतात एकट्यालाच का दिसावा, आणि दुष्काळात माणसे मरत असताना एवढे तप करणाऱ्याने दोन चांगल्या सरी का मागू नयेत? विद्या कोणाच्या उपयोगाची, हा प्रश्न विचारायला पाश्चात्त्य ग्रंथ वाचावे लागत नाहीत. महाभारतातही इंद्र म्हाताऱ्याच्या वेषात गंगेत मुठीमुठीने वाळू टाकून यवक्रीताला त्याच्या मार्गाचा फोलपणा दाखवतो. फरक एवढाच की तिथे शंका देवाच्या तोंडी आहे आणि येथे वनात राहणाऱ्या मुलीच्या.

तिसरा दावा स्त्रीच्या मानाचा, आणि यवक्रीताच्या कथेपुढे तो क्षणभरही टिकत नाही. ज्या सुनेवरून एवढा संहार घडतो तिला महाभारतात नावच नाही. ती रैभ्याची सून आणि त्याचा मुलगा परावसू याची बायको आहे. कथेच्या शेवटी देव परावसूच्या भावाला, अर्वावसूला, वर देतात, मेलेले उठतात, परावसूचे पितृहत्येचे पाप धुतले जाते, आपला वध झाल्याचेही रैभ्य विसरतो. त्या वरांच्या यादीत ती नाही. कार्नाडांनी तिला विशाखा हे नाव दिले, तिचा एकाकीपणा आणि राग दाखवला. याला स्त्रीचा अपमान म्हणायचे असेल, तर तिला निनावी ठेवण्याला काय म्हणावे?

चौथा दावा कथा बदलण्याच्या अधिकाराचा. आदिपर्वातली शकुंतला भर दरबारात दुष्यंताला खडसावते. कालिदासाने तिला मृदू केले आणि राजाला वाचवण्यासाठी दुर्वासाचा शाप व अंगठी आणली. भवभूती तर आपल्या विदर्भातल्या पद्मपुरचा. ‘उत्तररामचरित’च्या दुसऱ्या अंकात, शंबूकाचा वध करताना, त्याचा राम स्वतःच्या उजव्या हाताला म्हणतो की ब्राह्मणाचे मेलेले मूल जगावे म्हणून या शूद्र मुनीवर तलवार चालव, गर्भभाराने थकलेल्या सीतेला घालवून देणाऱ्या रामाचा तू अवयव, ‘करुणा कुतस्ते’, तुला दया कुठून असणार? शूद्राने केलेले तप आणि स्त्रीचा त्याग या दोन गोष्टी भवभूतीने आठव्या शतकात एकाच श्लोकात शेजारी ठेवल्या आहेत. कन्नड कवी कुवेंपूंनी १९४४ मध्ये ‘शूद्र तपस्वी’ लिहून शंबूकाची बाजू घेतली, तेव्हा त्या श्लोकातली बोच त्यांना परदेशातून मागवावी लागली नव्हती.

मराठी रंगभूमीचा दाखला तर याहून जवळचा आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ च्या ‘कीचकवधा’त विराटपर्वातल्या कीचकाच्या आडून व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनला उभे केले, प्रेक्षकांनी ते ओळखले आणि सरकारने १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली. त्यांच्याच ‘विद्याहरणा’त १९१३ साली कच-देवयानीची कथा मद्यपानाच्या विरोधात उभी राहिली. पौराणिक कथेत आजचा प्रश्न घालण्याचा हक्क खाडिलकरांना होता आणि कार्नाडांना नाही, असे म्हणणाऱ्याने या दोघांत नेमका फरक काय तो सांगावा. माझ्या मते आक्षेप बदलाला नसतो. बदलामुळे कोण अडचणीत येतो, यावर तो अवलंबून असतो. कर्झन अडचणीत आला तर टाळ्या पडतात.

‘पाश्चात्त्य चष्मा’ हा शब्दप्रयोग महाराष्ट्रात तरी जपून करावा. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त वामन आणि बळीची कथा उलट बाजूने वाचली, त्यांनी टॉमस पेन हा पाश्चात्त्य विचारवंत वाचला होता हे खरे, पण ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ हे घराघरांतल्या बायकांच्या तोंडी त्यांच्या आधीपासून होते.

या नाटकांवर टीका करायला जागा नाही असे मुळीच नाही, पण ती वेगळीकडे आहे. नित्तिलाई तिच्याच नवऱ्याच्या हातून मारली जाते, म्हणजे नाटककाराने क्रौर्य फक्त ब्राह्मणांच्या माथी मारलेले नाही. इंद्र प्रसन्न झाल्यावर तिला परत मागण्याची संधी तिच्यावर प्रेम करणाऱ्या अर्वसूला (महाभारतातल्या अर्वावसूला) असते; तो यवक्रीताला मारणाऱ्या ब्रह्मराक्षसाची मुक्ती मागतो आणि पाऊस येतो. यज्ञाबाहेरची मुलगी मरते आणि तिच्या मरणातून ऋषिपुत्राची नैतिक उंची सिद्ध होते, या रचनेला प्रश्न विचारला पाहिजे. त्यासाठी आधी नाटक वाचावे लागेल आणि वनपर्वातले ते अध्यायही.