प्राध्यापकांचं ट्रेनिंग म्हणजे वेळेची नासाडी? अजिबात नाही

एक मेसेज सगळीकडे फिरतोय, की प्राध्यापकांना ट्रेनिंगला पाठवणं म्हणजे वेळेची नासाडी, ज्याला विषय येतो त्याला शिकवता येतंच, राहिलेलं अनुभवानं येतं, ट्रेनिंगचे तास शेवटी रिसर्चमधूनच कापले जातात, आणि हे सगळं सर्टिफिकेटपुरतंच असतं. शिकवणारी माणसंच हे पुढे पाठवतायत याचं जास्त वाईट वाटतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"विषय येतो म्हणजे शिकवता येतं." नाही हो. पीएचडीत माणूस कित्येक वर्षं एकाच प्रश्नाच्या मागे असतो, भरलेल्या वर्गात मुलं नेमकी कुठे अडलीत हे कसं ओळखायचं ते त्याला तिथं कोण शिकवतं? उलट विषय जितका मुरतो तितकी नवख्याला अवघड जाणारी पायरी आपल्याला दिसेनाशी होते. 2014 साली स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी सायन्स, इंजिनिअरिंग, मॅथ्समधल्या 225 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, त्यात नुसतं लेक्चर ऐकणाऱ्या वर्गांत नापास होण्याचं सरासरी प्रमाण साधारण 34 टक्के होतं आणि जिथं मुलांना वर्गातच प्रश्न सोडवायला, चर्चा करायला लावलं तिथं 22 टक्के. असा वर्ग चालवणं शिकावं लागतं, नुसत्या विषयाच्या जोरावर ते जमत नाही.

"अनुभवानं येतं." यावर तर थेट अभ्यास झालाय. ग्रॅहम गिब्ज आणि मार्टिन कॉफी यांनी 8 देशांतल्या 22 विद्यापीठांमधल्या शिक्षकांची पाहणी केली, 2004 साली ती छापून आली. ट्रेनिंग घेतलेले वर्षभरात सुधारले. न घेतलेल्या नव्या शिक्षकांच्या गटात एक तर काही फरक पडला नाही, नाहीतर ते आणखी मागे गेले. म्हणजे अनुभव दोघांनाही मिळत होता, पण एकटं सोडलं की सवयीच पक्क्या होतात, चुकीच्या असल्या तरी.

"रिसर्चचा वेळ जातो." आता पेपर तपासणीच घ्या. मार्किंग स्कीम न ठरवता गठ्ठा सोडला की पहिल्या वीस-पंचवीस पेपरांना एका मापानं मार्क पडतात, मग कुणीतरी एक उत्तर वेगळ्या पद्धतीनं पण बरोबर लिहिलेलं निघतं, मग मागचे परत उघडा, मार्क बदला, टोटल परत करा, आणि वर रीचेकिंगला आलेली मुलं. पेपर काढतानाच रुब्रिक, म्हणजे उत्तरातल्या कोणत्या मुद्द्याला किती मार्क याचा तक्ता, करायला शिकलेला माणूस या चक्रातून वाचतो, आणि तो वेळ सेमिस्टरमागून सेमिस्टर वाचत राहतो. रिसर्चला हाच वेळ लागतो ना? शिवाय प्रॉपोजल कसं लिहायचं, पीएचडीच्या मुलांना गाईड कसं करायचं, हेही स्टाफ ट्रेनिंगच आहे, ते हिशोबात का धरत नाही?

राहिला "सर्टिफिकेटपुरतं असतं" हा मुद्दा, तो मला अर्धा मान्य आहे. एक दिवस हॉलमध्ये बसवून स्लाइड दाखवल्या तर वर्गात काही बदलत नाही. गिब्ज-कॉफींच्या पाहणीतलं ट्रेनिंग 4 ते 18 महिने चालणारं होतं. तेव्हा भांडायचंच असेल तर असं ट्रेनिंग मिळावं म्हणून भांडा, त्या काळात लेक्चरचा लोड कमी करून मागा, आणि दरवर्षी तात्पुरत्या ऑर्डरवर शिकवणाऱ्यांनाही त्यात घ्या म्हणून सांगा, कारण सगळ्यात मोठे वर्ग बहुतेक वेळा त्यांच्याच गळ्यात पडतात आणि ट्रेनिंगच्या यादीत त्यांचं नाव नसतं.