‘ती गोष्ट कामून गाळली?’ या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की मराठवाड्यातल्या जुन्या गोष्टी मी वाचून रेकॉर्ड करतो त्यातून ७२च्या दुष्काळावरची सगळ्यात चांगली गोष्टच गाळली, कारण काय तर वारस सापडले नाहीत. पुस्तक चाळीस वर्षं झाली छापलेलं नाही, प्रकाशन बंद, लेखक वारले, मग नाव घेऊन वाचली असती तर कुणाचं काय गेलं असतं? ‘परवानगीचा बाऊ करून तुम्ही ती गोष्ट दुसऱ्यांदा मारली’ हे वाक्य लागलं मला.

गोष्ट सुंदर आहे, यात वादच नाही. पण नाव घेणं वेगळं अन् परवानगी वेगळी. नाव तर घ्यावंच लागतं, तो लेखकाचा हक्कच आहे, त्यानं परवानगीचं काम भागत नाही. अन् पुस्तक मिळत नाही म्हणून हक्क संपत नाही, आपल्याकडं लेखक वारल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात. परभणीचे बी. रघुनाथ १९५३ ला गेले, त्यांचं लिखाण १ जानेवारी २०१४ पासून सगळ्यांना मोकळं आहे, ते मी कुणाला न विचारता वाचतो. नरहर कुरुंदकर १९८२ ला गेले, म्हणजे २०४२ संपेपर्यंत विचारावंच लागणार. तुमच्या गोष्टीचे लेखक तर त्यांच्याही नंतर गेले.

वारस सापडतच नसतात असं तुम्ही लिहिलंय, ते मात्र मला पटत नाही. मागं एका लेखकाचे वारस मी असेच शोधले. प्रकाशकाचा फोन बंद, म्हणून लेखकाच्या गावच्या तलाठ्याकडं गेलो. लेखकाच्या नावावर चार एकर होतं, सातबाऱ्याला वारसांची नावं लागलेली, दोन मुलं अन् लातूरला दिलेली मुलगी. धाकटा म्हणला, घ्या की, त्यात काय विचारायचं. पण एकट्यानं हो म्हणून चालत नाही ना, हक्क तिघांचा, म्हणून लातूरला ताईंकडं जाऊन आलो. त्यांनी पैसे मागितले नाहीत, एवढंच म्हणल्या की अण्णांच्या नावातला काना पुस्तकात सुटलेला होता, तुम्ही नाव नीट घ्या. कागदावर तिघांच्या सह्या आहेत, कोणती गोष्ट, कुठं ऐकवणार, सगळं लिहून. मी न विचारता वाचलं असतं तर ते नाव चुकीचंच वाचलं असतं, दादा.

तुमच्या गोष्टीत अडचण अशी झाली, की पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर ‘सर्व हक्क’ म्हणून लेखकाच्या बायकोचं नाव आहे. आपल्या मराठी पुस्तकांत हे लई दिसतं, हक्क बायकोच्या नावावर करून ठेवायचे. साठ वर्षं लेखकाच्याच मरणापासून मोजायची, पण विचारायचं त्या बाईंना, अन् त्या गेल्या असतील तर त्यांच्या वारसांना. लेखकाची जमीन कधीच विकलेली, सातबाऱ्यावर कुणी नाही. ज्या शाळेत ते मास्तर होते तिथं विचारलं, जिंतूरच्या दोन वाचनालयांत विचारलं, एवढंच कळलं की बाई मुलीकडं राहायला गेल्या. मुलगी कुठं दिली, कुणालाच माहीत नाही.

कॉपीराइटच्या कायद्यात यावर वाट आहे, छापलेल्या पुस्तकांनाही ती २०१२ पासून लागू आहे. लेखक वारलेला असंल, नाहीतर हक्कदार सापडत नसंल तर अर्ज करता येतो, पैसे ठरवून मिळतात ते सरकारकडं भरायचे, वारस आला की त्यानं घ्यायचे. पण त्याच्या आधी देशभर जाणाऱ्या इंग्रजी पेपरात जाहिरात द्यावी लागते. आता सांगा, जिंतूरकडच्या मास्तरांच्या लेकीला ती जाहिरात कुठून दिसणार? अन् त्याच्या पुढं कोर्टाचा खर्च. एका गोष्टीसाठी हे माझ्यासारख्याला झेपत नाही, अन् या बाबतीत तुमचा राग मला शंभर टक्के मान्य आहे. अशा वाटेची वाट बघत किती पुस्तकं वाळवी खाऊन जातील.

पण कायदा अवघड म्हणून त्या बाईंचं घर उघडं समजून आत शिरायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही.

तुम्ही लिहिलंय की तुमचं आजोळ त्याच गावाजवळ आहे. मामाला नाहीतर गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला विचारा बरं, मास्तरांची लेक कोणत्या गावाला दिली. बायकांना सोयरिकी पाठ असतात, मी विचारत फिरलो ते सगळ्या पुरुषांनाच. नुसतं गावाचं नाव जरी कळालं तरी येत्या रविवारी मी एसटीनं जातो, तुम्हाला जमलं तर सोबत चला.